स्कीची कमान मोजून घेताना: फ्लेक्स चाचणी आणि स्टोन ग्राइंड या सेवेचा अनुभव

नोव्हेंबरच्या शेवटी मी क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या क्लासिक पद्धतीसाठीची, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून पाऊल मारत पुढे जाण्यासाठीची, माझी स्कीची जोडी कॅनडातल्या कॅनमोर गावातील एका छोट्या वर्कशॉपमध्ये दिली. तेथे तिची फ्लेक्स चाचणी झाली, म्हणजे तिची कमान किती वजनाखाली किती दबते हे यंत्रावर मोजले गेले, आणि त्यानंतर तिच्या तळाला स्टोन ग्राइंड करण्यात आले, म्हणजे तळ फिरत्या दगडावर घासून त्यावर नवी बारीक नक्षी उमटवण्यात आली. दोन्ही कामांचे मिळून १९५ कॅनेडियन डॉलर झाले आणि स्की हातात परत यायला नऊ दिवस लागले. वर्कशॉपचे नाव मी येथे देत नाही, कारण हे परीक्षण एका दुकानाचे नसून या सेवेचे आहे, आणि जेथे शर्यती होतात अशा बहुतेक ठिकाणी ही सेवा देणारे कोणी ना कोणी सापडते. माझे मत आधीच सांगून टाकते. क्लासिक पद्धतीच्या शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येकाने फ्लेक्स चाचणी करून घ्यावी, आणि तीही हंगाम सुरू होण्याआधी. स्टोन ग्राइंडबद्दल मात्र मी तितक्या ठामपणे बोलणार नाही. त्याचे कारण पुढे येईल.

मी कॅल्गरीत राहते, वय ४१, आणि गेली सहा वर्षे प्रौढांच्या गटात शर्यती करते. आमच्या घरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेले कॅनमोर नॉर्डिक सेंटर १९८८ च्या कॅल्गरी हिवाळी ऑलिंपिकसाठी उभारले गेले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तेथे विश्वचषकाच्या शर्यतीही झाल्या. परंतु आमच्यासारख्यांना त्याचे मोल खरे कळते ते ऑक्टोबरात. आदल्या हिवाळ्यातला बर्फ तेथे उन्हाळाभर लाकडाच्या भुशाखाली झाकून ठेवतात आणि ऑक्टोबरच्या मध्याला तो बाहेर काढून जंगलातल्या वाटेवर पसरतात. या पट्टीला ‘फ्रोझन थंडर’ म्हणतात. दोन्ही बाजूंना वाळलेले गवत आणि मधून पांढरी वाट, अशा त्या दृश्याने मला दरवर्षी तितकाच आनंद होतो. बर्फ मात्र प्रेमळ नसतो. तो अनेकदा वितळून पुन्हा गोठलेला, दाणेदार आणि खरखरीत असतो, त्यात भुशाचे बारीक कणही मिसळलेले असतात, आणि स्कीच्या तळावर लावलेले काहीही तो कानशीसारखे खरवडून काढतो.

ऑक्टोबरच्या अखेरीस याच पट्टीवर मी हंगामातली पहिली शर्यत केली. पाच किलोमीटर, क्लासिक, तापमान उणे दोन. जांभळ्या किक वॅक्सचे, म्हणजे पायाखाली पकड देणाऱ्या चिकट मेणाचे, पाच पातळ थर मी लावले होते आणि पहिल्या दोन किलोमीटरांत पकड उत्तम होती. तिसऱ्या किलोमीटरनंतर चढावर पाय मागे सटकू लागला, आणि शेवटचे दोन चढ मला स्कीची टोके फाकवून, हेरिंगबोन पद्धतीने, जवळजवळ पळत चढावे लागले. शर्यत संपल्यावर स्की उलटी करून पाहिली तेव्हा पायाखालच्या भागातले वॅक्स पुढच्या बाजूने साफ उडालेले होते. रात्री वहीत मी लिहिले की वॅक्सखाली बाइंडरचा, म्हणजे वॅक्स तळाला धरून ठेवणारा, थर इस्त्रीने बसवला नाही, ही चूक झाली. ते खरेच होते, पण तेवढेच खरे नव्हते.

दुसरी शर्यत नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. दहा किलोमीटर, तीन फेऱ्या, दर तीस सेकंदांना एक स्पर्धक सोडण्याची पद्धत, तापमान उणे अकरा. या वेळी बाइंडर नीट बसवला, वर थंड हवेचे निळे वॅक्स लावले आणि पकड शेवटपर्यंत टिकली. तरीही माझी वेळ मागच्या वर्षापेक्षा वाईट आली. माझ्या क्लबमध्ये एक मैत्रीण आहे. उन्हाळ्यात रोलर-स्कीवर, म्हणजे रस्त्यावर चालणाऱ्या चाकांच्या स्कीवर, आम्ही दोघी चढाची चाचणी बरोबर करतो आणि आमच्या वेळांत दोन-तीन सेकंदांहून जास्त फरक क्वचितच पडतो. या शर्यतीत तिने मला सव्वा मिनिटाने मागे टाकले. त्या संध्याकाळी वहीत ‘सराव कमी पडला, पाय जड होते’ असे लिहून मी वही मिटली.

तीन दिवसांनी आम्ही दोघींनी आपापल्या घड्याळातली नोंद शेजारी ठेवून वाचली, आणि तेथे चित्र निराळे निघाले. प्रत्येक फेरीतल्या मुख्य चढावर मी तिच्या सरासरी चार सेकंद मागे पडत होते. त्याच फेरीतल्या दोन उतारांवर आणि त्यांच्या पायथ्याच्या सपाट भागात मिळून मात्र मी एकोणीस सेकंद गमावत होते. उतारावर आम्ही दोघीही वाकून, काठ्या काखेत धरून, नुसत्या घसरत असतो. तेथे पायांच्या जडपणाचा काय संबंध? सराव कमी पडला असता तर तो चढावर दिसला असता. या एका प्रश्नामुळे मी वर्कशॉपची पायरी चढले.

ज्यांना क्लासिक स्कीची रचना माहीत नाही त्यांच्यासाठी येथे थोडे थांबावे लागेल, कारण सेवेचे मोल त्यावरच अवलंबून आहे. क्लासिक स्की पायाखाली कमानीसारखी उचललेली असते. दोन्ही पायांवर सारखे वजन असताना, म्हणजे प्रत्येक स्कीवर शरीराचे निम्मे वजन असताना, ही कमान पूर्ण दबता कामा नये. तिच्याखालच्या पोकळीत लावलेले चिकट किक वॅक्स बर्फापासून किंचित वर राहिले पाहिजे, म्हणजे स्की मोकळी घसरते. पाऊल मारताना सगळे वजन एका पायावर आले की कमान दबते, वॅक्स बर्फाला टेकते आणि त्या क्षणापुरती पकड मिळते. हा सारा खेळ मिलिमीटरच्या दशांशांचा आहे. कमान फार कडक असेल तर पकड येत नाही आणि फार मऊ असेल तर वॅक्स सतत बर्फावर घासत राहते. सपाट जमिनीवर स्कीखालून कागद सरकवून पाहण्याची जुनी रीत आम्ही सगळेच वापरतो, आणि खरेदीच्या वेळी ती पुरेशीही असते. पण कागदाने मिळते ते ‘सरकतो’ किंवा ‘सरकत नाही’ एवढेच उत्तर.

वर्कशॉपचे मालक साठीच्या आसपासचे आहेत आणि अनेक वर्षे शर्यतींच्या संघांसाठी वॅक्सचे काम करत आले आहेत. त्यांची मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही की त्यांनी स्की लगेच यंत्रावर चढवली नाही. आधी त्यांनी मला दोन्ही शर्यतींबद्दल विचारले: बर्फ कसा होता, वॅक्स कोठून उडाले, पकड कोणत्या किलोमीटरला गेली, उतारावर दोन्ही स्की सारख्या घसरत होत्या की एकच ओढल्यासारखी वाटत होती. मी वही बरोबर नेली होती. तिचा येथे पुरेपूर उपयोग झाला. मग त्यांनी मला शर्यतीच्या कपड्यांत आणि बुटांसह वजनकाट्यावर उभे केले. वजन साडेबासष्ट किलो भरले. ही जोडी मी सहा वर्षांपूर्वी क्लबच्या जुन्या सामानाच्या विक्रीत घेतली, तेव्हा माझे वजन छप्पन किलो होते आणि स्कीही त्याच वजनासाठी निवडलेली होती. इतक्या वर्षांत हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत असे मला एकदाही सुचले नाही, याची खंत वाटते.

चाचणी अशी होते. स्की एका लांब, काटेकोर सपाट पट्टीवर ठेवतात आणि तोल-बिंदूच्या किंचित मागे, साधारण टाच येते तेथे, निम्म्या वजनाचा दाब देतात; ही घसरण्याची स्थिती झाली. मग स्की आणि पट्टी यांच्यामध्ये ठरावीक जाडीच्या पातळ धातूच्या पट्ट्या सरकवून ०.१, ०.२ आणि ०.३ मिलिमीटरची पोकळी कोठून कोठपर्यंत आहे ते मोजतात आणि स्कीच्या कडेवर खुणा करतात. त्यानंतर दाबाची जागा चवड्याखाली आणून पूर्ण वजन देतात आणि कमान खरोखर टेकते का ते पाहतात. माझ्या स्कीत निम्म्या वजनाखाली ०.२ मिलिमीटरची पोकळी टाचेपासून पुढे फक्त ४४ सेंटिमीटर भरली. मी वॅक्स लावत होते ६१ सेंटिमीटरपर्यंत. म्हणजे पुढचे सतरा सेंटिमीटर वॅक्स प्रत्येक उतारावर, प्रत्येक सपाट भागात, एक क्षणही बर्फापासून सुटत नव्हते.

दोन्ही शर्यतींचा उलगडा या एका आकड्यात झाला. ऑक्टोबरच्या खरखरीत बर्फाने वॅक्स पुढच्या बाजूनेच खरवडून का नेले आणि नोव्हेंबरमध्ये पकड छान असूनही उतारावर मी का रखडले, या दोन वेगळ्या तक्रारी नव्हत्याच. बाइंडरने पहिली तक्रार झाकली आणि दुसरी वाढवली, कारण आता जे वॅक्स घासत होते ते जागचे हलतही नव्हते. वर्कशॉपच्या त्या बाकाजवळ उभी असताना मला जे समाधान वाटले ते शब्दांत सांगणे कठीण आहे; सरावात काही कमी पडले नव्हते हे कळल्याचा आनंद त्यात होता, पण त्याहून अधिक आनंद एखादे कोडे सरळ रेषेत सुटल्याचा होता. या चाचणीचे ४५ डॉलर झाले आणि गेल्या अनेक वर्षांत स्कीइंगवर केलेल्या खर्चात इतके सत्कारणी लागलेले पैसे मला दुसरे आठवत नाहीत.

स्टोन ग्राइंडची गोष्ट थोडी निराळी आहे. माझ्या आजीच्या घरी जाते होते आणि ते गुळगुळीत झाले की टाकी लावणाऱ्या बाईला बोलावून त्याला टाके घालून घेत असत. ग्राइंडच्या यंत्रातही आधी असाच उद्योग होतो: फिरणाऱ्या दगडावर हिऱ्याच्या टोकाने बारीक नक्षी कोरली जाते आणि मग त्या दगडावरून स्की सरकवली की तीच नक्षी तिच्या पॉलिएथिलीनच्या तळावर उमटते, शिवाय वरचा खराब झालेला थरही निघून जातो. ओल्या बर्फावर तळाखाली पाण्याचा पातळ पडदा तयार होऊन स्की शोषल्यासारखी चिकटते, म्हणून तेथे जाड, खोल रेषा लागतात. आमच्याकडच्या कोरड्या थंडीत, जेथे बर्फाचे कण टोकदार असतात आणि पाणी जवळजवळ नसते, तेथे रेषा जितक्या बारीक आणि उथळ तितके बरे. माझ्या तळाच्या कडा खरखरीत बर्फाने पांढुरक्या पडल्या होत्या आणि तेथे घसरणीचे वॅक्स (स्की सहज घसरावी म्हणून तळात जिरवतात ते, किक वॅक्स नव्हे) धरत नव्हते, म्हणून थंड हवेसाठीची बारीक नक्षी निवडली.

जुन्या, कोणाकडून तरी घेतलेल्या स्कीबाबत ग्राइंडचा आणखी एक उपयोग मालकांनी सांगितला आणि तो शर्यतीत उतरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून फ्लोरीन असलेल्या वॅक्सवर पूर्ण बंदी लागू केली आहे, कारण ही रसायने निसर्गात नष्ट होत नाहीत आणि शरीरातही साठतात. त्या हंगामाच्या पहिल्याच अल्पाइन (तीव्र उतारावरच्या) शर्यतीत, ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑस्ट्रियातील सोल्डेन येथे, नॉर्वेची राग्नहिल्ड मोविंकेल स्कीवर फ्लोरीन आढळल्यामुळे बाद ठरली. पूर्वी फ्लोरीन लावलेल्या स्कीच्या तळात त्याचा अंश राहू शकतो, आणि वरचा थर घासून काढला की तो धोका बराच कमी होतो. माझ्या पातळीवरच्या शर्यतीत माझी स्की कोणी तपासली नाही. तरीही जे माझ्या तळात आधीच्या मालकाने मुरवले असेल ते दरवर्षी थोडे थोडे या डोंगरांतल्या पाण्यात जावे, हे मला नको होते.

ग्राइंडबाबत माझी पहिली तक्रार अशी की त्यानंतर करावयाच्या कामाची कल्पना मला आधी देण्यात आली नाही. नव्याने घासलेल्या तळावर सूक्ष्म तंतू उभे असतात आणि तो तळ वॅक्सने पुरेसा भरलेलाही नसतो; इस्त्रीने वॅक्स जिरवणे, थंड होऊ देणे, खरवडणे आणि ब्रश मारणे हे चक्र पुन्हा पुन्हा करावे लागते. वर्कशॉपने तीन चक्रे केली होती आणि आणखी सात-आठ मी घरी करावीत, असे स्की परत घेताना सांगितले. थंड हवेच्या कडक वॅक्ससाठी इस्त्री दीडशे अंशांच्या आसपास तापवावी लागते, त्यामुळे इस्त्री एका जागी क्षणभर रेंगाळली तरी तळ भाजण्याची भीती असते. मी चार रात्री गॅरेजमध्ये हे काम केले. ज्यांच्याकडे वॅक्सची योग्य इस्त्री आणि जागा नाही त्यांनी हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारावा. दुसरी तक्रार वेळेची आहे: पाच दिवसांचे नऊ दिवस झाले आणि मधली एक शर्यत मला सोडावी लागली. हंगामाच्या तोंडावर सगळेच येतात हे मला समजते, पण पाच दिवस सांगायला नको होते. तिसरी तक्रार छोटी, पण त्रासदायक. कडेवरच्या खुणा शाईच्या होत्या आणि वॅक्स काढण्याच्या द्रावणाने त्या पहिल्याच आठवड्यात पुसल्या गेल्या. मी आकडे वहीत उतरवून ठेवले होते म्हणून निभावले; नंतर बाइंडिंगच्या (बूट स्कीला अडकवण्याच्या पकडीच्या) पुढच्या टोकापासून मोजून मी स्वतः बारीक ओरखड्याने खुणा केल्या.

तिसरी शर्यत डिसेंबरच्या मध्याला झाली, पुन्हा दहा किलोमीटर, त्याच तीन फेऱ्यांची, तापमान उणे नऊ. वॅक्स ४४ सेंटिमीटरपर्यंतच लावले. उतारांवर आणि सपाट भागात मैत्रिणीशी माझा फरक फेरीमागे एकोणीस सेकंदांवरून पाचवर आला. चढावर मात्र तो चारवरून नऊ झाला, आणि त्यातही तिसऱ्या फेरीत सर्वाधिक. हे मला अनपेक्षित होते. नवऱ्याने चढाच्या वळणावर उभे राहून काढलेले चित्रण आम्ही रात्री संथ गतीने पाहिले, तेव्हा डाव्या पावलाच्या वेळी माझे कंबरेपासूनचे वजन पुरते डावीकडे येतच नाही हे स्पष्ट दिसले. दमल्यावर तर ते दोन्ही पायांच्या मधेच लटकत राहते. इतकी वर्षे वॅक्स पुढपर्यंत पसरलेले असल्यामुळे अर्धवट वजन टाकले तरी पकड मिळत होती. ती सवलत आता संपली. स्की दुरुस्त झाल्यावरच माझ्या तंत्रातला दोष उघडा पडला. ऑक्टोबरात कोणी मला वजन बदलण्याचे व्यायाम दिले असते तर मी ते मनापासून केले नसते, कारण वॅक्स टिकेतोवर पकड तर मला मिळतच होती.

येथेच ग्राइंडबद्दलचा माझा संकोच येतो. वॅक्सची लांबी आणि तळाची नक्षी या दोन्ही गोष्टी मी एकाच वेळी बदलल्या, त्यामुळे उतारावर वाचलेल्या चौदा सेकंदांपैकी किती कशाचे हे मला सांगता येणार नाही. माझा अंदाज असा की मोठा वाटा वॅक्सच्या लांबीचा असावा, आणि तसे असेल तर १५० डॉलर आणि चार रात्री न घालवताही बरेच काही साधले असते. ग्राइंडने तळाचे साहित्य थोडे थोडे कमी होते, म्हणून ते दरवर्षी करण्याची गोष्टही नाही. ज्यांचा तळ खरोखर भाजलेला किंवा ओरखडलेला आहे, किंवा ज्यांनी जुनी स्की घेतली आहे, त्यांनी ते अवश्य करावे. इतरांनी आधी चाचणी करून, एक शर्यत करून, मग ठरवावे. मी हाच क्रम पाळायला हवा होता.

वॅक्सऐवजी पकडीसाठी मोहेरची (केसाळ कापडाची) पट्टी चिकटवलेल्या स्की वापरणाऱ्यांना ही चाचणी अधिकच गरजेची आहे असे मला वाटते, कारण वॅक्सची लांबी आपण कमी करू शकतो, पट्टी मात्र जेथे आहे तेथेच राहते. केवळ स्केटिंग पद्धतीने, म्हणजे स्की तिरक्या ढकलत, जाणाऱ्यांना किक वॅक्स लागतच नाही, तेव्हा माझा अनुभव त्यांच्या फारसा उपयोगाचा नाही. आणि वेळ निवडताना सप्टेंबर गाठावा. तेव्हा वर्कशॉपमध्ये गर्दी नसते आणि मालक हवे तितके प्रश्न विचारू देतात.

एक काम माझे राहिले आहे. आमच्याकडे हिवाळ्याच्या मध्यालाही चिनूकचा उबदार पश्चिमी वारा सुटला की काही तासांत तापमान वीस अंशांनी चढू शकते. मार्गावरचा बर्फ वितळून रात्री पुन्हा गोठतो आणि दुसऱ्या दिवशी क्लिस्टरशिवाय, म्हणजे अशा बर्फासाठीच्या डिंकासारख्या चिकट किक वॅक्सशिवाय, गत्यंतर नसते. क्लिस्टरचा थर जाड असतो, त्यासाठी कमान उंच लागते, आणि माझ्या या मऊ जोडीवर तो लावू नये असे मालकांनी बजावून सांगितले. जानेवारीत क्लबच्या विक्रीत क्लिस्टरसाठी दुसरी जोडी पाहणार आहे. या वेळी आवडलेली जोडी विकत घेण्यापूर्वी दोन दिवसांसाठी उसनी मागून आधी त्या यंत्रावर ठेवून घेईन, साडेबासष्ट किलोला.